नव्वद नंबरची दोन पिंपं

आमच्या दुकानात गिअरच्या तेलाची दोन पिंपं होती आणि दोन्हींवर नव्वद हाच आकडा होता. एक दाराच्या उजव्या हाताला, दुसरं आत, ग्रीसच्या डब्यांजवळ. गिऱ्हाइकाला वाटायचं, एकच माल दोन ठिकाणी ठेवलाय. अप्पांनाही, म्हणजे माझ्या वडिलांनाही, बरीच वर्षं तसंच वाटत होतं. त्यांतला फरक आमच्या घरात पहिल्यांदा ओळखला तो अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, आणि तोही नाकानं. शाळेतली नोकरी, लातूरचं बिऱ्हाड, मुलांची आजारपणं, या आठवणींत सगळं लिहून झालं. हे प्रकरण मात्र मी मागं ठेवत आले. कारण यात मीही एक शब्द खोटा बोलले आहे.

अहमदपूरच्या एसटी स्टँडच्या पलीकडं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. मध्ये फक्त गोणपाटाचा पडदा. त्यामुळं अव्वाच्या, म्हणजे आईच्या, येसराच्या आमटीला तेलाचा वास लागायचा आणि दुकानातल्या अप्पांच्या कपड्यांना फोडणीचा. सकाळी अप्पा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचे, तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही; पण रस्त्यावरची पहिली गाडी कुणासाठी थांबणार? तिच्या हॉर्ननं अप्पांचे मिटलेले डोळे जरासे हलायचे. मग दिवसभर तेल उपसायच्या हातपंपाची कुईकुई. अजून कुठं वंगण न घातलेला हातपंप वाजला की मला भूक लागते, कारण तो आवाज थांबला की जेवायची हाक यायची. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पेंटरनं येऊन आमच्या पाटीवरचं उस्मानाबाद पुसलं आणि लातूर लिहिलं, पण जुनी अक्षरं खालून दिसतच राहिली. नव्या कचेऱ्यांच्या जीपा रस्त्यानं धावायला लागल्या आणि अप्पांना वाटलं, आता दिवस पालटतील. पुढचे दोन पावसाळे कोरडे गेले.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचं नाव महानंदा. तिला उदगीरला दिली होती. दीड वर्षात तिचा नवरा तापानं गेला आणि ती एक ट्रंक घेऊन परत आली. चार-पाच महिने ती माजघरातल्या कोपऱ्यातून उठली नाही. अव्वा ताट नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची. मग एकदा अप्पांना कसल्याशा परवान्यासाठी लातूरला जावं लागलं आणि ते तिला म्हणाले, नुसती गल्ल्यापाशी बस, कुणी आलं तर उद्या या म्हणून सांग. संध्याकाळी ते परतले तेव्हा अक्का पदर खोचून पंप मारत होती आणि समोर दोन ड्रायव्हर मुकाट उभे होते. त्या दिवशी ती रात्री दोन भाकरी जेवली. त्यानंतर तीन वर्षं ती दुकानातून उठली नाही, आणि अप्पांनी तिला उठवलंही नाही. उलट सकाळी रस्ता मोकळा असताना ते तिला चाकूरच्या रस्त्याला नेऊन मोटार चालवायला शिकवू लागले. अव्वा म्हणायची, लोक काय म्हणतील. अप्पा म्हणायचे, लोक झोपलेत.

ही मोटार म्हणजे निजामाच्या काळातली, काळी, पाठीला बाक असलेली विलायती गाडी. कुण्या तालुकदाराच्या वाड्यामागं ती कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती. अप्पांनी आणि त्यांचे मित्र हबीब उस्ताद यांनी मिळून ती उभी केली. उस्तादांचं गॅरेज दुकानासमोरच होतं. इंजिनाचा आवाज ऐकून ते दुखणं सांगायचे आणि त्यांच्या शब्दापुढं गावात कुणी जायचं नाही. मोटारीबरोबर एक तपकिरी कव्हराचं इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते कुणी वाचलं नव्हतं. अक्का मॅट्रिकपर्यंत शिकलेली; माझा शाळेचा शब्दकोश शेजारी घेऊन ती ते ओळ ओळ लावू लागली. त्यात लिहिलं होतं की गिअरबॉक्सला एक तेल आणि मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्याला, ज्याला मिस्त्री लोक क्राऊन म्हणतात, दुसरं तेल. आकडा एकच, पण तेलं वेगळी.

तेलकंपनीचा एक माणूस दोन-तीन महिन्यांनी फिरतीवर यायचा. अक्कानं त्याला गाठून आतल्याच पिंपाला असा वास का, ते विचारलं. त्यानं सांगितलं की आतल्या पिंपातल्या तेलात गंधकाचं औषध असतं, म्हणून त्याला तो उग्र, कुजक्या लसणासारखा वास. क्राऊनचे दात एकमेकांवर फार दाबानं घासतात, तिथं तेच पाहिजे. पण जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या असतात; गिअर बदलताना फिरत्या चाकांचा वेग जुळवायचं काम त्या करतात. तेल तापलं की ते औषध पितळ खातं. एवढं ऐकून दुसरी कुणी गप्प बसली असती. अक्कानं उस्तादांच्या भंगारातून एक झिजकी पितळी कडी आणली, तिचे करवतीनं दोन तुकडे केले, दोन काचेच्या बरण्यांत दोन तेलं भरून त्यात एकेक तुकडा टाकला आणि बरण्या चुलीमागच्या कोनाड्यात ठेवल्या. अव्वानं महिनाभर कुरकुर केली. महिन्यानं एक तुकडा होता तसा पिवळा निघाला आणि दुसरा तव्यासारखा काळा. अक्कानं खडूनं एका पिंपावर ‘पितळ’ लिहिलं आणि दुसऱ्यावर ‘क्राऊन’. दुष्काळामुळं रस्त्यावर पाण्याचे टँकर, विंधनविहिरींची यंत्रं आणि किनवट-हदगावकडून कडबा घेऊन येणारे ट्रक यांचीच रहदारी होती. ते ड्रायव्हर आधी हसले, मग गाडी कोणती, साल कोणतं, गिअर घालताना आवाज येतो का, असं तिला सांगू लागले. पाणी आठवड्यातून एकदा येत होतं, म्हणून ती लाकडाच्या भुशानं हात पुसायची. नखांतलं काळं काही जायचं नाही.

हे सगळं कळायच्या आधीच आमच्या मोटारीत चुकीचं तेल गेलं होतं. आदल्या दिवाळीला उस्तादांनी गिअरबॉक्स आणि क्राऊन दोन्ही आतल्या पिंपातून भरले होते. अक्कानं बोल्ट सोडून बोट बुडवून हुंगलं आणि लगेच अप्पांना म्हणाली, हे काढून टाकू या. तिनं उस्तादांनाही बरण्या दाखवल्या. उस्तादांनी काळा तुकडा उलटसुलट केला आणि ते मायेनंच म्हणाले, “बेटी, नव्वद म्हनजे नव्वद. तेल तेलच हाय.” अप्पांना तिचं पटलं होतं असं मला अजून वाटतं. पण वीस वर्षांच्या दोस्ताला, भर बाजारात, पोरीच्या सांगण्यावरून तुमचं चुकलं म्हणायचं, हे त्यांच्यानं होईना. आज करू, उद्या करू, म्हणत वर्ष गेलं. उन्हाळ्यात गिअर घालताना करकर सुरू झाली. अक्का दर आठवड्याला एकदा आठवण करायची. मग महिन्याला एकदा. मग तिनं बोलणं सोडलं.

त्याच वैशाखात हदगावाहून स्थळ आलं. मुलगा बिजवर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, पदरी दोन लेकरं. कापसाचा व्यापार, एक ट्रक, एक जीप. आमच्यात विधवेचं पुन्हा लग्न होतं, त्यामुळं त्यात वावगं काही नव्हतं. पण बोलावणं आपणहून आलं याचं अव्वाला फार अप्रूप वाटलं. तिनं दुसऱ्याच दिवसापासून अक्काला दुकानात जाऊ दिलं नाही. बेसन आणि लिंबानं तिची बोटं घासली. पाणी नसताना एक तांब्या पाणी तिच्या नखांसाठी काढून ठेवलं.

मुलगी दाखवायला त्यांनी हदगावलाच बोलावलं होतं. ठरल्या दिवशी सकाळी आम्ही चौघं निघालो. अप्पा चालवायला, शेजारी अव्वा, मागं अक्का आणि मी. धपाटे आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. पाण्याचे दोन डबे, एक आम्हाला, एक रेडिएटरला. अक्काला अव्वाची अंजिरी इरकल नेसवली होती. लोह्यावरून नांदेड आलं, गोदावरीच्या पुलावरून खाली बघितलं तर पात्रात बायका खड्डे करून वाटीनं पाणी भरत होत्या. तोवर मोटार कुरकुरत का होईना चालली. अर्धापूर ओलांडून एका नाल्याच्या चढाला अप्पांनी खालचा गिअर घालायला दांडा ओढला आणि लोखंड दळल्यासारखा आवाज झाला. दांडा तिथंच अडकला. पुढं जाईना, मागं येईना. अप्पांनी चार वेळा प्रयत्न केला. घामानं त्यांची विभूती ओघळली.

अक्का उतरली. कुणाला काही न विचारता तिनं सीटखालची पिशवी काढली, पायाखालचं पत्र्याचं झाकण उघडलं, गिअरबॉक्सचं वरचं झाकण सोडलं आणि पान्हा आत घालून काहीतरी हलवलं. खट् असा आवाज झाला. मग तिनं दोन बोटं आत बुडवली आणि उन्हात धरली. काळ्या तेलात बारीक पिवळी पूड चमकत होती, जत्रेत बायका लावतात त्या चमकीसारखी. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, “अप्पा, पितळ हाय.”

अप्पांनी बघितलं आणि रस्त्याकडं तोंड केलं.

“तुम्ही बाजूला बसा,” ती म्हणाली. “दोनदा क्लच दाबला की जातंय. मी नेते.”

अव्वा मागं माझ्याजवळ आली आणि अक्कानं मोटार काढली. क्लच दाबायचा, दांडा मधे आणायचा, सोडायचा, इंजिन जरा फिरवायचं, पुन्हा दाबायचा आणि मग गिअर. मोटार लोण्यातून सुरी जावी तशी चालली. मागच्या सीटवरून मला अप्पांचे पाय दिसत होते. अक्काचा पाय क्लचवर गेला की त्यांचाही डावा पाय जागच्या जागी हलत होता. आणि एकदा, वळणावर तिनं बिनआवाज गिअर घातला तेव्हा, ते खिडकीबाहेर बघत हसले. एवढं मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणून पुढचं मला आजही नीट उमगत नाही.

हदगावची पहिली घरं दिसली आणि अप्पा म्हणाले, “थांबव.” बाभळीखाली मोटार थांबली. अक्का मागं आली, अव्वानं तिचे हात मातीनं आणि मग फडक्यानं पुसले. उरलेला रस्ता अप्पांनी मोटार पहिल्या गिअरमध्ये ठेवून, ती केकाटत असताना, काढला.

मुलाची आई गोरी, ठसठशीत, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेली बाई होती. घरात तीच बोलायची. मुलगा, जे पुढं माझे दाजी झाले, खाली मान घालून बसले होते. त्यांची दोन लेकरं दाराआडून बघत होती. पोहे झाले, चहा आला. तेव्हा त्या लेकरांच्या आजींनी अप्पांना सरळ विचारलं, “पोरगी दुकानात बसती म्हनं तुमची?”

अप्पांच्या हातातली बशी थांबली. “न्हाई, न्हाई,” ते म्हणाले. “तिला त्यातलं काय कळतंय? घराच्या बाहेर पडत न्हाई ती.”

आजी माझ्याकडं वळल्या. “खरं का गं?”

अव्वानं पाठीमागून माझ्या दंडाला धरलं होतं. पण मला खरं सांगितलं पाहिजे, तिच्या पकडीमुळं मी बोलले असं नाही. मलाही वाटत होतं की अक्काचं लग्न व्हावं, तिनं हिरव्या बांगड्या भराव्यात. मी म्हणाले, “हाव.”

अक्का समोरच बसली होती. हात पदराखाली. तिनं वर बघितलं नाही. दाजींनी मात्र एकदा अप्पांकडं आणि एकदा तिच्याकडं बघितलं. त्यांना काही विचारायचं आहे असं वाटलं, मग त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा जरा उतरला होता. मी समजले, मुलगी पसंत नाही. पण दुपारपर्यंत सुपारी फुटली. परतीला मोटार अप्पांनीच चालवली. दर गिअरला करकर व्हायची आणि दर करकरीला अक्काच्या मांडीवरची मूठ आवळली जायची. नांदेड गेलं, लोहा गेलं, ती एक अक्षर बोलली नाही. तिनं काय बोलायचं? तिला त्यातलं काय कळत होतं?

लग्नाच्या आदल्या दिवशी उस्ताद आले. त्यांनी मधल्या काळात गिअरबॉक्स खोलला होता. फडक्यात बांधून त्यांनी झिजलेल्या कड्या आणल्या होत्या, कागदासारख्या पातळ झालेल्या. दारात चपला काढून ते म्हणाले, महानंदाला बोलवा, मला तिच्या तोंडावर सांगायचंय. अप्पांनी त्यांना बाहेरच्या बाहेर ओट्यावर नेलं. पाव्हणे आलेत, हळद लागलीय, आता तो विषय नको, असं सांगितलं. उस्ताद थोडा वेळ बसले. पडद्याआड अक्का हळदीच्या अंगानं उभी होती. जाताना ते मोठ्यानं, घराकडं तोंड करून म्हणाले, “बेटी, चूक माझी होती.” अक्कानं पडद्याला हात लावला, पण तो बाजूला केला नाही.

तिच्या जाण्यानंतर दुकान चाललं, पण पूर्वीसारखं नाही. ड्रायव्हर यायचे, अक्का कुठंय विचारायचे. पिंपांवरचा खडू पुसट झाला. पुसून गेला तेव्हा अप्पांनी माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं, पण कोणतं तेल कोणत्या गाडीला हे मला कोण विचारणार? मी पाठ्यपुस्तकात डोकं घालून बसलेली मुलगी. मोटारीत उस्तादांनी नव्या कड्या आणि योग्य तेल घातलं. अप्पांनी ती फारशी बाहेर काढली नाही.

मी सुट्टीत हदगावला जायचे. अक्का सुखात होती, असं म्हणायला पाहिजे. सावत्र लेकरांनी तिला जीव लावला, तिला स्वतःचं, घरातलं तिसरं, लेकरू झालं, दाजी शब्दानं कधी टोचले नाहीत. एका दुपारी ती ओसरीवर तूर पाखडत होती. फाटकातून जीप आत आली आणि वळताना गिअर कर्रकन वाजला. अक्काचं सूप हवेत थांबलं. मान किंचित वाकडी झाली, दुकानात व्हायची तशी. मी तिच्याकडं बघत राहिले. मग सूप पुन्हा हलायला लागलं. मी हळूच म्हणाले, दाजींना सांग की. ती म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं?” रागानं नाही. कुणी शिकवलेलं वाक्य म्हणावं तसं.

बरीच वर्षं गेली. अव्वा वारली, दुकान बंद झालं, मी लातूरला नोकरीला लागले आणि अप्पा माझ्याकडं राहायला आले. त्यांची दृष्टी अधू झाली होती. एकदा ते सकाळी उठून म्हणाले, मला हदगावला ने. का, ते सांगितलं नाही. एसटीनं गेलो. अक्काच्या सासूबाई आता खाटेला खिळलेल्या, पण जीभ तशीच खणखणीत. अप्पा खाटेशेजारी खुर्चीवर बसले, हातातली टोपी मांडीवर ठेवली आणि त्यांनी सांगितलं. ते म्हणाले, मी त्या दिवशी खोटं बोललो. पोरगी तीन वर्षं माझं दुकान चालवत होती. माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होतं. त्या दिवशी मोटारसुद्धा तिनंच इथवर आणली.

आजी व्याह्यांना म्हणाल्या, “इवाई, आमाला ठावं होतं.” त्यांच्या ट्रकवाल्यानं घरी येऊन सांगितलं होतं, अहमदपूरला एक पोरगी बसती, तिला इचारल्याबिगर गाडीत तेल घालू नका. दाजींनी ते ऐकलं, चौकशी केली, विधवा आहे असं कळलं. “त्याच्यापायीच तर आमी स्थळ आनलं. माजं लेकरू म्हनलं, अशी बाई पाहिजे घरात. आन तुमी तोंडावर न्हाई म्हनलात. मंग आमी म्हनलं, बापालाच लाज वाटून राहिली, तर आपन कशाला काढावं? तिला वाईट वाटंल.”

इतकी वर्षं दोन घरं एकमेकांची अब्रू सांभाळत होती आणि मधे ती एकटी. दाजी दारात उभे होते, केस पांढरे झालेले. ते खाली बघत होते. अक्का चुलीपाशी होती, आणि त्या घरात चुलीपाशी सगळं ऐकू जातं.

ती चहा घेऊन आली. अप्पांनी कप घेतला नाही. ज्या बाजूला तिच्या बांगड्या वाजल्या तिकडं त्यांनी तोंड केलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, जसं कुणी गिऱ्हाईक विचारतं तसं, ते म्हणाले, “महानंदा, बाहेर जावईबापूंची जुनी जीप हाय. तिच्या गिअरबॉक्सला कोणतं तेल घालावं?”

दाजींनी मान वर केली. अक्कानं कप अप्पांच्या हातात दिला, त्यांची बोटं त्याच्याभोवती नीट बसवली, सांडू नये म्हणून जरा वेळ आपलाही हात तिथंच ठेवला.

“आता ध्यानात न्हाई, अप्पा,” ती म्हणाली.